आतली कडी

कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकता टाकता उमाबाई म्हणाली, "मुतारी पाडा म्हनून तुमीच लिहून दिलंय म्हनं, बाई," आणि लगेच शेजारच्या गिऱ्हाइकाला मेथी दाखवायला लागली. बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. ऊन वाढलं म्हणावं, तसं ती बोलली होती. पौर्णिमाचा हात पिशवीच्या बंदातच राहिला. गुरुवार, बाजाराचा दिवस. पालांच्या फाटक्या कापडांतून सव्वाअकराचं ऊन खाली उतरलेलं, करडईच्या तेलात भजी तळल्याचा वास, पलीकडं शेळ्यांच्या बाजारातला गलका, आणि या सगळ्यात तिच्या कानाला टोचलं ते नेमकं 'बाई'. उमाबाई तिला लहानपणापासून पुनी म्हणायची. नगरसेविका झाल्यावरही पुनीच म्हणायची. चार महिन्यांपूर्वी आरोग्य समितीची सभापती होऊन गळ्यात हार पडले, त्या दिवशी भर गर्दीत तिनं ओरडून सांगितलं होतं, पुने, खाली बघून चाल, पडशील. आज तुमी आणि बाई.

"कोण म्हणलं, मावशी?"

"समदा बाजार म्हनतुय. त्यो बघा की, जेसीबी यिऊन हुभा हाय कालधरनं. उद्या सकाळच्याला पाडनार हायती. म्या मुकादमाला म्हनलं, मुक्ताची लेक आसं कसं लिहून दील? तर त्यो म्हनला, सही हाय तिची." उमाबाईनं मेथीवर पाण्याचा हबका मारला. "आसंल काई तर. तुमचं तुमाला ठावं. आमचं काय, पयल्यासारखं पानी प्यायचं बंद करू."

बाजारतळाच्या कोपऱ्यात लिंबाच्या झाडाखाली ती उभी होती. तीन खण, तीन पत्र्याची दारं, वर सिमेंटचे पत्रे. भिंतीवर नगरपरिषदेनं कधी काळी 'महिला स्वच्छतागृह' असं लिहिलं होतं, पण ते वाचायची गरज कुणाला पडली नव्हती. आजूबाजूच्या वीस गावांच्या बायका तिला मुक्ताबाईची मुतारी म्हणत. मुक्ताबाई म्हणजे पौर्णिमाची आई. लोकांची नावं रस्त्याला देतात, चौकाला देतात, शाळेला देतात. तिच्या आईच्या वाट्याला हे आलं, आणि तेसुद्धा कुणी ठराव करून दिलेलं नव्हतं. मुतारीपुढं सहा-सात बायका रांगेत थांबल्या होत्या. त्यांच्या मागं, लिंबाच्याच सावलीत, पिवळा जेसीबी सोंड टेकवून उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर सोंडेवर गमछा वाळत घालून खाली भाकरी खात बसला होता. त्याचं काही चुकलं नव्हतं. बोलावलं म्हणून तो आला होता, आणि बोलावलं कुणी म्हणून विचारलं असतं तर त्यानं हिच्याकडंच बोट दाखवलं असतं. पौर्णिमा तिथून हलली. सभा साडेअकराला होती आणि आता तिला घाई झाली होती.

नगरपरिषदेपर्यंतचा रस्ता पाच मिनिटांचा. पण पाय एकीकडं चालतात आणि मन भलतीकडंच जातं, तसं तिचं झालं. आई येडशीच्या अलीकडच्या मळ्यांतून भाजी उचलायची, बुधवारी दुपारीच घरी आणून ओल्या पोत्यांत बांधून ठेवायची. आणि बुधवारी दिवस कलला की आईचं पाणी बंद. गुरुवारी सकाळी अर्धा कप चहा, तोही घोटभर ठेवून उठायची. पुरुषांना काय, भिंत दिसली की पुरे. बाजारतळामागचं बाभळीचं बन तोडून तिथं प्लॉट पाडले, तेव्हापासून बायकांना आडोसा म्हणून उरला नव्हता. सकाळी सातपासून दिवस मावळेपर्यंत त्या उन्हात बसायच्या, कोरड्या ओठांनी ओरडून भाजी विकायच्या. पौर्णिमाच्या बालपणातला गुरुवार म्हणजे एक आवाज होता: संध्याकाळी अंगणात पाटी धपकन पडायची आणि पाठोपाठ आईची पावलं मोरीकडं पळायची. आई पळताना फक्त गुरुवारी दिसायची. मग मोरीतून बराच वेळ काही ऐकू यायचं नाही आणि मग दात आवळून काढलेला एक हुंकार यायचा, कारण उन्हाळी लागलेली असायची, लघवीला आग व्हायची. शुक्रवारी आई ओटीपोटावर गरम विटेचा शेक घेत पडून राहायची. घरात कुणी यावर बोलत नव्हतं. कशावर बोलायचं नसतं, हे पोरींना सगळ्यात आधी शिकवतात.

पौर्णिमा नववीत होती त्या वर्षी, अशाच मे महिन्यात, आठव्या महिन्याची पोटुशी उमाबाई पालाखाली चक्कर येऊन पडली. तिनं दोन दिवस पाणी प्यायलं नव्हतं. पुढच्या गुरुवारी मुक्ताबाईनं पाटी बाजारात उतरवलीच नाही. चाळीस-पन्नास बायका पाट्यांसकट नगरपरिषदेच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या. अर्ज नाही, निवेदन नाही, फलक नाही. तेव्हाचे साहेब बाहेर येऊन म्हणाले, अर्ज द्या, बघू. मुक्ताबाई म्हणाली, "बघा की निवांत. आमी हितंच बाजार मांडतो. लागलं की हितंच बसू, पायरीवर." साहेब आत गेले ते मागच्या दारानं घरी गेले, असं लोक अजून सांगतात. पावसाळा सरायच्या आत मुतारी उभी राहिली.

आणि त्यानंतरची गोष्ट, जी पौर्णिमानं शाळेच्या दप्तरासकट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. काम पूर्ण झाल्याचा पंचनामा घेऊन एक कारकून घरी आला, शाईचा डबा उघडून म्हणाला, इथं अंगठा करा. आईनं हात पदरात गुंडाळले. "वाच आदी." तो म्हणाला, वाचायचं काय त्यात, तुमचीच मुतारी आहे. "माजीच हाय तर वाच की." त्यानं वाचलं. तीन खण, तीन दारं, दाराला कड्या. आई उठली, त्याला घेऊन बाजारतळावर गेली, तीनही दारं बघितली. गवंड्यानं कड्या बाहेरून बसवल्या होत्या. आयुष्यात त्या माणसानं दाराची कडी कुलूप लावायला असते एवढंच पाहिलं होतं. आत बसलेल्या बाईला दार लावून घ्यावं लागतं, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. आई म्हणाली, "ह्या कड्या कोंडायच्या हायती. आतनं बसव, मग आंगठा." पंधरा दिवस तो कागद फिरत राहिला आणि पंधरा दिवस आईचा अंगठा कोरडा राहिला. शेवटी आतून कड्या बसल्या. जिला अक्षर ठाऊक नव्हतं, ती बाई कागद दोनदा वाचून घेतल्याशिवाय अंगठा देत नव्हती, आणि तिची एम. ए. झालेली लेक. इथं पौर्णिमा रस्त्यातच थांबली. मागून हॉर्न वाजला, कळंबची एस्टी होती, ती बाजूला झाली.

सही तिचीच होती. त्यात शंकेला जागाच नव्हती. दर सभेला चहा यायचा आणि चहापाठोपाठ ठरावाचं जाडजूड पुस्तक यायचं. पान कोरं असायचं. खाली सभासदांच्या सह्या आधी व्हायच्या, मग गप्पा, मग उपमा, आणि ठराव मागाहून सवडीनं लिहिले जायचे. ते सभा-लिपिक अनिरुद्ध लिहायचा, तुळजापूरच्या जुन्या घरातला, अक्षर असं की मांडून ठेवावं. पहिल्या सभेत तिनं विचारलं होतं, पान कोरं कसं? तो अदबीनं म्हणाला होता, "पद्धतच आहे ताई. लिहीपर्यंत थांबलं तर सगळ्यांचा खोळंबा होतो." आणि तिनं सही केली होती. खरं सांगायचं तर तिला आवडली होती ती सही करायला. ठळक, लपेटीची, खाली रेघ मारलेली सही, नावाखाली सभापती. आईच्या अंगठ्यापासून इथपर्यंतचा रस्ता आपण कापला, असं दर वेळी त्या रेघेबरोबर तिला वाटायचं. आता कळत होतं की रस्ता कापला खरा, पण तोंड उलटीकडं करून.

पण तेवढंच नव्हतं. नगरपरिषदेच्या पायऱ्या चढताना, त्याच पायऱ्या, तिला मागच्या सभेतला तो क्षण आठवला. रेवणसिद्धअण्णा, अडत दुकानाचे मालक, तिसऱ्यांदा निवडून आलेले, हिला सभापती करण्यात ज्यांचा हात होता ते, पान जुळवत म्हणाले होते, "बाजारतळाचं जरा सुशोभीकरण करू, ताई. कमान करू, कारंजं करू. कोपऱ्यातलं ते जुनं बांधकाम तेवढं काढावं लागंल." तेवढंच. आणि तिला कळलं होतं. कोपऱ्यात दुसरं बांधकाम होतंच कुठं? तिनं विचारायला हवं होतं, कोणतं बांधकाम अण्णा? म्हणजे अण्णांना तो शब्द उच्चारावा लागला असता, नाहीतर तिला तरी. चार बाप्यांच्या समोर, चहाचा कप हातात धरून, ती मुतारी म्हणाली असती, आणि सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं असतं, मुक्ताबाईची पोर. म्हणून ती म्हणाली होती, "बघा तुम्ही." आणि मूग गिळून पुस्तक पुढं ओढलं होतं.

फसवलं कुणी नव्हतं. हा सगळ्यात मोठा काटा होता. अण्णांनी फसवलं असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं; रागाला धरायला कुणीतरी मिळालं असतं. पण तिच्या आत कुठंतरी, खोल, एक नववीतली पोर बसली होती, जिला शाळेत पोरी मुतारीवालीची म्हणायच्या. पाणी प्यायच्या सुट्टीत नाकाला रुमाल लावून बाजूनं जायच्या. पुढं नळदुर्गहून बघायला आलेल्या पाहुण्यांनी चहा पिता पिता विचारलं होतं, त्या मुतारीवाल्या मुक्ताबाई त्या ह्याच का, आणि हसले होते. ते स्थळ मोडलं. अमरदीपनं, तिच्या नवऱ्यानं, कधी विचारलं नाही. तो एस्टीत कंडक्टर, बसस्टँडवरच्या मुताऱ्यांनी त्याचं नाक मेलेलंच, असं तो म्हणायचा. पण तिनं स्वतः आजवर त्या मुतारीत पाऊल ठेवलं नव्हतं. एकदाही नाही. आईबरोबर बाजारात बसायची तेव्हाही लागलं की घरापर्यंत पळत यायची, भर उन्हात, चपला हातात घेऊन. पोरी बघतील म्हणून. आई बघायची आणि काही म्हणायची नाही. आई गेली त्यालाही आता सहा वर्षं झाली, आणि ते न म्हणणं तेवढं मागं राहिलं. ती जागा पडावी असं तिला वाटत होतं. थोडं का होईना, वाटत होतं. जेसीबी काल आला होता, पण त्याला बोलावणं कितीतरी जुनं होतं.

वरच्या मजल्यावरच्या सभागृहात पंखा फिरत होता. अण्णा आले होते, त्यांच्या शेजारी बब्रुवान, जो अण्णांनी मान हलवली की अनुमोदन द्यायचा आणि नाही हलवली तरी द्यायचा. समोर चारुशीला, निवृत्त शिक्षकाची बायको, स्वतःही शिकवायची. सभेत तिचा आवाज अजून कुणी ऐकला नव्हता. पाचवे सभासद कुठल्याशा लग्नाला गेले होते. प्रत्येकापुढं पाण्याचा ग्लास भरून ठेवलेला. पौर्णिमा खुर्चीवर बसली आणि आज पहिल्यांदा तिला ते दिसलं: आजवरच्या चारही सभांना पुरुषांचे ग्लास रिकामे व्हायचे आणि चारुशीलाचा आणि तिचा, दोघींचे, काठोकाठ भरलेले परत जायचे. या इमारतीतही बायकांची एक सोय होती. दारावर 'महिला' लिहिलेलं होतं, आणि आत फिनेलचे कॅन, जुने फलक, मोडक्या खुर्च्या. गावभरच्या आरोग्याची समिती इथं बसायची आणि तिच्यातल्या दोन बायका सभेच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नव्हत्या. एकमेकींना त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

"विषय क्रमांक एक," अनिरुद्धनं सुरुवात केली. "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे."

"वाचलं असं समजून कायम," अण्णा म्हणाले.

"अनुमोदन," बब्रुवान म्हणाला. अनिरुद्धनं पुस्तक तिच्यापुढं सरकवलं, पेन उघडून वर ठेवलं. तिची एक सही झाली की मागचं पान पक्कं, आणि उद्या सकाळी सोंड उचलायला जेसीबी मोकळा.

"वाचा," पौर्णिमा म्हणाली.

"काय ताई?"

"इतिवृत्त. वाचून कायम करणे असं तुम्हीच म्हणालात. मग वाचा की."

अनिरुद्धनं अण्णांकडं बघितलं. अण्णांनी घड्याळाकडं बघितलं. इतक्या वर्षांत इतिवृत्त कुणी वाचायला सांगितलं नव्हतं. स्वतःच्याच अक्षरातलं पान मोठ्यानं वाचताना तो अडखळत होता, जसं काही ते दुसऱ्याच कुणी लिहिलं होतं. डासांच्या फवारणीचं वेळापत्रक झालं. मोकाट कुत्री झाली. स्मशानातल्या शेडचा उडालेला पत्रा झाला. मग त्याचा आवाज एकदम सपाट झाला. "ठराव क्रमांक चार. बाजारतळ परिसराचे सुशोभीकरण करणेकामी अडथळा ठरणारे, जुने व वापरात नसलेले बांधकाम काढून त्या जागी स्वागतकमान व कारंजे उभारणेस, माननीय सभापती यांच्या सूचनेवरून, ही सभा सर्वानुमते मंजुरी देत आहे."

वापरात नसलेले. खिडकीतून बाजारतळाचा कोपरा दिसत होता. रांगेत आता दहा-बारा जणी होत्या, एकीच्या कडेवर पोर होतं. गावाला आठव्या दिवशी नळाला पाणी येत होतं आणि इथं कारंजं होणार होतं. तिला हसू आलं आणि ते तिनं दाबलं नाही.

"कोणतं बांधकाम ते? नाव न्हाई त्यात."

"ताई, तुम्हाला म्हायती हाय की," अण्णा म्हणाले.

"म्हायती हाय. म्हणूनच इचारते. नाव घ्या ना कुणीतरी."

बब्रुवाननं पाणी प्यायलं. चारुशीला टेबलावरच्या काचेत बघत होती. पौर्णिमाला जाणवलं, हा शब्द टाळणारी ती एकटी नव्हती. अख्खी खोली टाळत होती, तिच्यासाठी, तिच्याशी जपून वागत. तिची जीभ कोरडी पडली होती. पायरीवर बसलेल्या आईची पाठ तिला दिसली, पदर कंबरेला खोचलेली.

"मुतारी," ती म्हणाली. "मुक्ताबाईची मुतारी. माझ्या आईची."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, आणि आवाज खाली आणला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांचं चांगुलपण तेवढं जड जायचं. "ताई, खरं सांगू? तुमच्यासाठीच केलं म्या हे. आज तुम्ही सभापती हाय, उद्या नगराध्यक्ष व्हाल. किती दिवस ते नाव तुमच्या घराण्याला चिकटून ऱ्हावं? पाहुण्यारावळ्यांत बरं दिसतं का? आईचं नाव कारंज्याला देऊ की. संगमरवराची पाटी लावू. मुक्ताबाई बनसोडे कारंजे. चांगलं दिसंल."

म्हणजे अण्णांना कळलं होतं. चार महिन्यांत त्यांनी तिच्यातली ती नववीतली पोर बरोबर हेरली होती आणि आता तिला खाऊ देत होते. एक क्षण, एकच, तिनं ती पाटी डोळ्यांपुढं आणली. पांढरा दगड, काळी अक्षरं. मग त्या पाटीपुढून भाजीची पाटी टाकून पळत जाणारी आई दिसली, मोरीकडं. आणि इतकी वर्षं जी शरम आपण आईची समजून वागवली, ती आईची नव्हतीच, हे तिला लख्ख कळलं. आईला कुठं लाज वाटली होती? आई तर ते नाव ऐकून हसायची, म्हणायची, माजं नाव घिऊन बाया मोकळ्या व्हत्यात, ह्याच्याहून काय पायजे.

"नको अण्णा," ती म्हणाली. "कारंज्याला कुणी रांग लावत न्हाई. मी हे कायम करत न्हाई."

"सही तुमचीच हाय, ताई." अण्णांचा आवाज अजून मऊच होता. "आता न्हाई म्हणायचं, तर सही कशी झाली ते सांगावं लागंल. कोऱ्या पानावर केली म्हणाल? हसं कुणाचं हुईल? लोक म्हणतील, सभापतीला वाचता येतं का न्हाई. राजीनामा मागतील. मग माझ्याकडं येऊ नका."

"माझ्या आईला वाचता येत न्हवतं, म्हणून ती वाचून घ्यायची," पौर्णिमा म्हणाली. "मला येतं, म्हणून मी वाचलं न्हाई. हसू द्या लोकांना. मागू द्या राजीनामा. अनिरुद्ध, नवीन पान काढा आणि मी बोलते तसं लिहा. आत्ता. सवडीनं न्हाई."

त्यानं पान उलटलं. तिनं सावकाश सांगितलं, शाळेत बाई श्रुतलेखन घालायच्या तसं. मागील सभेत सभापतींनी कोऱ्या पानावर सही केली, ही त्यांची चूक आहे आणि ती त्या कबूल करतात. कोपऱ्यातल्या बांधकामाबद्दल अण्णा बोलले तेव्हा ते कोणतं, हे सभापतींना कळलं होतं आणि तरी त्या गप्प बसल्या, हेही लिहा. अनिरुद्धचं पेन थांबलं. "हे कशाला ताई? हे कुणी विचारलेलं नाही." ती म्हणाली, लिहा. सबब ठराव क्रमांक चार कायम करण्यात येत नाही. बाजारतळावरची मुतारी रोज वापरात आहे, बाजाराच्या दिवशी रांग लागते, तिला कुणीही हात लावू नये.

"स्वच्छतागृह लिहू का?" त्यानं हळूच विचारलं.

"मुतारी लिहा. मुक्ताबाईची मुतारी. उद्या कुणाला शोधत बसायला नको."

"माझा विरोध लिहा," अण्णा म्हणाले. बब्रुवान म्हणाला, "माझा बी." पंखा कुरकुरत होता. आणि चारुशीला, काचेवरची नजर न उचलता, म्हणाली, "माझं अनुमोदन." आवाज बारीक होता, पण वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असलेला. "दोन-दोन झाली," बब्रुवान म्हणाला, "म्हणजे राहिलं." तेव्हा अनिरुद्धनं, तिच्याकडंही न बघता आणि अण्णांकडंही न बघता, शाईची दौत सरळ करत सांगितलं, "मतं समान झाली तर अध्यक्षांना आणखी एक मत असतं. नियमच आहे तसा."

"मग ते मत लिहा," पौर्णिमा म्हणाली, "आणि आता सगळं वाचून दाखवा." त्यानं वाचलं. आता तो अडखळला नाही. तिनं सही केली, साधी, लपेटीशिवाय, खाली रेघ न मारता. प्रत मुख्याधिकाऱ्यांकडं आत्ताच न्या म्हणाली. अण्णा म्हणाले, "कागदावर झालं, ताई. जमिनीवर काय हुतंय ते उद्या सकाळी बघू." ते खरंच होतं, तिलाही ठाऊक होतं. महिनाभरात ही खुर्ची जाईल हेही जवळपास ठरल्यासारखंच होतं. तिला वाटलं होतं भीती वाटेल. पण जे वाटत होतं ते तहानेसारखं होतं. तहानच होती ती. तिनं समोरचा ग्लास उचलला आणि एका दमात रिकामा केला. पाणी घशातून खाली उतरताना कळत होतं. मग तिनं पाचव्या सभासदाच्या रिकाम्या खुर्चीपुढचा ग्लास ओढला आणि तोही संपवला. चारुशीला बघत होती. तिनं आपल्या ग्लासला हात लावला, थांबली, आणि अर्धा प्यायली.

"सभा वीस मिनिटं तहकूब," पौर्णिमा म्हणाली.

"आता कुठं निघालात?" अण्णांनी विचारलं.

"मुतारीला."

पायऱ्या उतरून ती बाजारात शिरली. दुपारचे साडेबारा, बाजार भरात होता. तिला बघून लोक बाजूला होत होते, कुणी नमस्कार करत होतं, आणि ती कोपऱ्याकडं वळली तशी बायका एकमेकींना कोपरानं ढुसण्या द्यायला लागल्या. लाज वाटली का? वाटली. कान गरम झाले, नववीतली पोर मागं ओढत होती, घरी पळ म्हणत होती. ती पळाली नाही. रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली. पुढची बाई गडबडून म्हणाली, तुमी जावा की म्होरं. ती म्हणाली, "नंबर येऊ द्या." भर उन्हात, लिंबाच्या सावलीच्या अलीकडं, ती उभी राहिली, आणि दोन ग्लास पाणी ओटीपोटात जड व्हायला लागलं. जेसीबीवरचा गमछा वाळला होता. ड्रायव्हर हातावर तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "म्याडम, उद्या सकाळी सातला यायला सांगितलंय मला. यिऊ का नगं?"

"या," ती म्हणाली. "मी बी हाय सातला. रांगेत."

दोन पालं सोडून उमाबाईनं हे ऐकलं. ती गुडघ्यावर हात टेकत उठली, मेथीवर शिंपडायचा पत्र्याचा डबा पाण्यानं भरला आणि वाटेतल्या टोपल्या ओलांडत आली. डबा पुढं केला आणि म्हणाली, "पुने, आत नळाला पानी न्हाई. हे घिऊन जा. मदलं दार घट हाय, खांदा लाव."

तिचा नंबर आला. मधलं दार खरंच घट्ट होतं, तिनं खांदा लावला. आत अंधार होता, वास फिनेलचा नव्हता, साधा मुताचा होता, आणि वरच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी भिंतीवर पडली होती. बाहेर बाजार गर्जत होता. तिनं डबा खाली ठेवला आणि दाराकडं वळून हातानं चाचपलं. कडी होती. लोखंडाची, जाड, हजारो हातांनी गुळगुळीत झालेली. पौर्णिमानं ती ओढली, आतून.